आठ कमानी आणि चुकीच्या जागी पडलेला जोड : चेल्फम पुलाच्या ००९ मॉडेलचं प्रकरण

हे इंग्लंडमधल्या चेल्फम रेल्वे पुलाच्या छोट्या, चालत्या मॉडेलचं प्रकरण. ००९ हे त्याच्या मापाचं नाव, आणि बार्नस्टेपल व लिंटन ही मूळ मार्गाची दोन टोकं. लक्षण असं होतं. बार्नस्टेपलकडून येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचं पुढचं लहान चाक पुलाच्या बरोबर मध्यावर, चौथ्या खांबावर रुळावरून उतरायचं. तीच गाडी लिंटनकडून परत येताना बिनबोभाट पार व्हायची. थंड गॅरेजमध्ये तासन् तास काही होत नसे. प्रदर्शनाच्या गरम हॉलमध्ये दिवे लागले की दुपारपर्यंत खोड सुरू.

दिशा बदलली की दोष जातो आणि तापमान बदललं की येतो. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर इंजिन उघडून बसू नये. दोष लाकडात किंवा रुळाच्या टोकांत असतो. इथे तो दोन्हीकडे होता, आणि मूळ चूक त्याही आधी, आराखड्याच्या कागदावरच झाली होती.

मूळ रेल्वे आणि तिचं माप

इंग्लंडच्या उत्तर डेव्हनमधली लिंटन अँड बार्नस्टेपल रेल्वे १८९८ साली सुरू झाली. मासिकांचे प्रकाशक सर जॉर्ज न्यून्स तिच्यामागे होते. लांबी सुमारे १९ मैल, गेज (दोन रुळांमधलं अंतर) १ फूट साडेअकरा इंच, म्हणजे ५९७ मिमी. १९२३ मध्ये ती सदर्न रेल्वेकडे गेली आणि २९ सप्टेंबर १९३५ ला बंद पडली. मॅनिंग वॉर्डल कंपनीची 'यो', 'एक्स' आणि 'टॉ' ही इंजिनं, अमेरिकेच्या बाल्डविनचं 'लिन' आणि १९२५ मध्ये आलेलं 'ल्यू', एवढाच तिचा ताफा. 'लिन' अमेरिकेतून आलं त्याचं कारण म्हणजे १८९७-९८ च्या संपकाळात ब्रिटिश कारखान्यांना वेळेत इंजिन देणं जमत नव्हतं.

चेल्फमचा पूल हे या मार्गाचं सर्वांत मोठं बांधकाम आणि तो आजही उभा आहे. आठ कमानी, प्रत्येकीचा गाळा ४२ फूट, सर्वांत खोल ठिकाणी उंची ७० फूट, विटा मार्लंडच्या, पिवळसर मलईच्या रंगाच्या. पुलाला लागूनच चेल्फम स्टेशन, तिथे गाड्या एकमेकींना ओलांडण्यासाठी लूप, म्हणजे बाजूचा जादा रूळ.

००९ मध्ये १ फूट म्हणजे ४ मिमी, प्रमाण १:७६.२, आणि रूळ ९ मिमी गेजचा. या प्रमाणात ५९७ मिमीचं खरं माप ७.८ मिमी येतं. म्हणजे मॉडेलचा रूळ जवळजवळ १५ टक्के रुंद पडतो. ही तडजोड सगळे जण पत्करतात, कारण ९ मिमी म्हणजे एन गेज, मॉडेल रेल्वेचं एक प्रचलित माप, आणि त्याची चाकं, मोटारी, सांधे तयार मिळतात. (नेरळ–माथेरानची गाडी २ फुटी. ती ००९ मध्ये केली तरी तडजोड हीच आणि जवळपास तेवढीच.) इंजिनं हेल्यान कंपनीची, डबे पेको कंपनीचे, रूळ पेकोचा कोड ८० फ्लेक्सिबल. कोड ८० म्हणजे रुळाची उंची ०.०८० इंच, २ मिमी. प्रमाणात ती सहा इंच होते. मूळ रूळ यार्डाला ४० पौंडाचा, बराच बुटका. चिखल-माती आणि गवत रुळाच्या पायापर्यंत चढवलं की फरक डोळ्यात भरत नाही.

आराखड्यात काय ठरलं होतं

गाडीत मावतील असे १.२ मीटर लांब, ४५० मिमी रुंद तीन बोर्ड. दोन पुलासाठी, एक स्टेशनसाठी. पुलाचा हिशेब असा :

गाळे ८ × १६८ = १३४४ मिमी
खांब ७ × २८ = १९६ मिमी
दोन्ही टोकांचे आधार २ × ३० = ६० मिमी
एकूण १६०० मिमी, उंची २८० मिमी

यातली खांबाची २८ मिमी जाडी मॉडेलसाठी धरलेली आहे. सहा कमानी केल्या असत्या तर १२०८ मिमीत काम भागलं असतं आणि जवळजवळ एकाच बोर्डावर पूल बसला असता. तो मोह टाळला हे बरोबरच झालं. स्टेशनचा लूप आखूड केला तर कुणी मोजत नाही, पण पुलाच्या कमानी पाहणारा पहिल्या मिनिटात मोजतो.

आता १६०० मिमीचा पूल दोन बोर्डांवर मधोमध ठेवला की बोर्डांचा जोड आपोआप चौथ्या खांबाच्या मध्यावर येतो. कागदावर हे फार सुबक दिसतं. खांब उभा चिरला, अर्धा या बोर्डावर, अर्धा त्या बोर्डावर, फट विटांच्या रेघांत लपली. पुष्कळ जण हेच करतात. घोटाळा इथून सुरू होतो.

बोर्डाच्या टोकाची पाटी ९० मिमी उंच. बोल्ट आणि डॉवेल (बोर्ड नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) तिच्यातच, कारण तिच्या वर दरी आहे. रूळ त्या पाटीच्या माथ्यापासून २८० मिमी उंचावर. मधे आधाराला फक्त १४ मिमी जाडीचे दोन अर्धे खांब.

आधी केलेले तीन उपाय, आणि ते का फसले

पहिला उपाय म्हणजे पुढच्या लहान चाकावर शिशाचं वजन. चाक थोडं उशिरा उतरू लागलं, बाकी काही नाही. पायरी तशीच असेल तर वजनाने ती सपाट होत नाही, आणि हलक्या इंजिनाला ओढायचं ओझं मात्र वाढतं.

दुसरा उपाय, जोडावर सरकत्या फिशप्लेट, म्हणजे रुळांची टोकं जोडणाऱ्या पट्ट्या. बोर्ड जोडताना त्या दोन बोटांनी सरकवायच्या असतात. चार-पाच वेळा बोर्ड जोडले-सोडले की रुळाचं टोक किंचित वर वाकतं. दोष घालवायला लावलेली वस्तू स्वतःच दोष होऊन बसते.

तिसरा उपाय सर्वांत घातक : बोल्ट आणखी घट्ट. ९ मिमी प्लायची पाटी दोन बोल्टांच्या मधे धनुष्यासारखी वाकते आणि वरचे खांब एकमेकांवर रेलतात.

निदान

साधनं साधी होती. ३०० मिमीची पोलादी पट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच), गुण्या आणि मागे धरलेला टॉर्च. पट्टी रुळाच्या माथ्यावर उभी धरून मागून उजेड टाकला की ०.१ मिमीची पायरीसुद्धा दिसते. फीलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड चालतं. साधारण ०.३ मिमी जाड असतं.

पट्टीने जे दाखवलं ते अपेक्षेच्या उलट होतं. जोडावर फट नव्हतीच. रूळ कापताना 'छान दिसावं' म्हणून टोकं एकमेकांना भिडवली होती. गरम हॉलमध्ये एक टोक दुसऱ्यावर चढून जवळपास ०.४ मिमीची पायरी तयार होत होती. चढत्या बाजूने येणारं चाक तिला धडकतं, उतरत्या बाजूने येणारं खाली टपकतं आणि पुढे जातं. दिशेचं कोडं इथे सुटलं.

फटीची भीती किती खोटी आहे ते मोजून पाहू. पुढच्या चाकाचा व्यास ५.५ मिमी धरला आणि फट पूर्ण १ मिमी असली, तर चाक त्या फटीत ०.०५ मिमीच्या आतच खाली जातं. डोळ्याला नाही, कानाला मात्र 'टक' असा आवाज येतो, आणि तो रेल्वेत शोभतोच. याउलट या चाकांची कड जेमतेम अर्धा-पाऊण मिमी खोल. ०.४ मिमीची पायरी म्हणजे तिच्या दृष्टीने भिंत. फट माफ आहे, पायरी नाही.

मग टोकं एकमेकांवर का चढत होती? दोन कारणं सापडली.

एक, तापमान. निकेल सिल्व्हरचा १.२ मीटर रूळ १५ अंशांच्या फरकाने सुमारे ०.३ मिमी वाढतो. भिडलेल्या टोकांना जायला जागाच नाही.

दोन, तरफ. पाटीच्या खालच्या कडेला ०.२ मिमीचा कचरा, रंगाचा पोपडा किंवा सुकलेला गोंद अडकला, की बोर्ड वरच्या कडेवर टेकून कलतात. पाटी ९० मिमी, त्यावर रूळ २८० मिमी. म्हणजे ०.२ × २८० ÷ ९० = ०.६ मिमी. रुळाच्या पातळीवर दोन्ही बाजू एकमेकींत ०.६ मिमी घुसू पाहतात. तोच कचरा वरच्या कडेला असता तर उलट ०.८ मिमी फट पडली असती आणि गाडी सुखाने गेली असती!

शिवाय बाजूची चूक वेगळी. डॉवेल ३०० मिमी अंतरावर, प्रत्येकात ०.१ मिमी ढिलाई. एका बोर्डाचा पाय उंच-सखल फरशीवर आला की बोर्ड पिळतो. डॉवेलच्या रेषेपासून रूळ ३२५ मिमी वर, म्हणून बाजूला साधारण ०.२ मिमी सरक. एवढ्याने गाडी पडत नाही, पण वरची पायरी असताना ती भर घालते.

रुळाची टोकं कानशीने घासून १ मिमी फट ठेवली असती तर लक्षण त्याच दिवशी बरंचसं थांबलं असतं. घाईत प्रदर्शन असेल तर तेवढंच करावं. पण तरफ तशीच राहते, आणि १४ मिमीचे अर्धे खांब बोर्ड चढवता-उतरवताना एक दिवस मोडतातच.

फेररचना : जोड जाड जागी नेला

पूल बोर्डांपासून वेगळा केला. १६०० मिमीचा अखंड नग, वरून उचलून ठेवता येईल असा. बोर्डांचा जोड खाली दरीत राहिला, जिथे तो गवतात लपतो आणि कुणाचं काही बिघडवत नाही. रुळाचे जोड आता पुलाच्या दोन टोकांना, पक्क्या 'जमिनीवर'.

कणा म्हणून २० × २० × २ मिमी ॲल्युमिनियम चॅनेल घेतला. १.६ मीटरचं वजन अर्धा किलोच्या आत. त्यावर ३ मिमी प्लायची ४० मिमी रुंद पट्टी, तिच्यावर रूळ. दोन्ही बाजूंना ३ मिमी प्लायमधून कापलेले कमानींचे दर्शनी भाग. रुळाच्या माथ्यापासून कमानीच्या माथ्यापर्यंत यात २७ मिमी जातात. ते आराखड्यातच धरले नाहीत, तर चॅनेल कमानीतून डोकावतो आणि सगळे दर्शनी भाग पुन्हा कापावे लागतात.

पूर्ण नगाचं वजन अडीच किलोच्या आसपास भरतं. नुसत्या दोन टोकांवर ठेवला तर फक्त चॅनेलचा हिशेब धरून मध्यावर ४ मिमी झोळ येतो. म्हणून तिसऱ्या आणि पाचव्या खांबाखाली टेकू. हे दोन खांब मुद्दाम निवडले, कारण ते वेगवेगळ्या बोर्डांवर येतात आणि जोडाच्या रेषेपासून २०० मिमी लांब आहेत. टेकू मिळाले की झोळ ०.१ मिमीच्याही आत येतो. बाकीचे पाच खांब जमिनीपासून १ मिमी अधांतरी. गवताने ती फट झाकली जाते. सातही खांब टेकवायचा हट्ट धरला तर एखादा खांब पुलाला वर उचलतो आणि शेजारचे लटकतात. कुठला ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

जागेवर बसवण्याची पद्धत या कामाचा गाभा आहे :

बार्नस्टेपलच्या टोकाला ६ मिमीची उभी पितळी खुंटी, पुलाच्या बुडात तिच्यासाठी ६ मिमी आतल्या व्यासाची पितळी नळी. हे टोक पक्कं.

लिंटनच्या टोकालाही तशीच खुंटी, पण वर गोल भोक नको. रुळाच्या दिशेने लांबट खाच, दोन पितळी पट्ट्यांमध्ये बरोबर ६ मिमी अंतर ठेवून. ॲल्युमिनियम १५ अंशांना १.६ मीटरमागे ०.५५ मिमी वाढतो. दोन्हीकडे गोल भोकं दिली तर उन्हाळ्यात पूल बसत नाही किंवा बसला की निघत नाही.

उंचीसाठी प्रत्येक टोकाला ६० मिमी अंतरावर दोन एम-४ (४ मिमी व्यासाचे) स्क्रू, डोकी वर, खाली लॉकनट. पेच ०.७ मिमीचा, म्हणजे पाव फेऱ्याला १७५ मायक्रॉन. खांबांखाली एम-६, पाव फेऱ्याला पाव मिमी.

क्रम चुकवू नये. आधी चारही टोकाचे स्क्रू पाणसळ आणि पोलादी पट्टी लावून जुळवायचे, मगच खांबांखालचे. खांबाखाली कागदाचा कपटा ठेवून स्क्रू वर आणायचा. कपटा ओढताना किंचित अडकला की थांबायचं. उलट क्रमाने केलं तर पूल खांबांवर तोलला जातो आणि टोकं हवेत राहतात, चार पायांचं टेबल डुगडुगतं तसं.

या रचनेत खुंटीतली ०.१ मिमी ढिलाई रुळापाशीही ०.१ मिमीच राहते. तिला मोठं करणारी तरफच उरली नाही.

रुळाची टोकं

टोकाच्या ३० मिमीत पेकोचे प्लास्टिक स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) काढून तांब्याच्या थराच्या पीसीबी (सर्किट बोर्ड) पट्टीचे स्लीपर बसवले. फटीच्या प्रत्येक बाजूला चार, खाली इपॉक्सी. पीसीबीच्या मध्यावर तांब्यात कानशीने चीर पाडून दोन रूळ विजेने वेगळे करायचे आणि मल्टिमीटरने आताच तपासायचे. रंग आणि खडी पडल्यावर शॉर्ट शोधणं म्हणजे गवतात सुई.

पूल जागेवर, स्क्रू जुळवलेले, अशा स्थितीत अखंड रूळ दोन्ही बाजूंच्या पीसीबीवर सोल्डर केला, आणि त्यानंतर कापला. आधी कापून मग जुळवायला गेलं तर मूळ दोष परत येतो. पक्क्या टोकाला ०.५ मिमी फट पुरते, डिस्कच्या एका कापात मिळते. सरकत्या टोकाला १ मिमी. हे काम उन्हाळी दुपारी केलं तर याहून कमी फट चालते, थंडीत केलं तर नाही. कापल्यावर टोकाच्या आतल्या आणि वरच्या कोपऱ्यांवर बारीक कानस दोनदा फिरवली की चाकाला कुठेच धार लागत नाही.

वीज फिशप्लेटवर सोडली नाही. पुलाला स्वतःचा दोन तारांचा प्लग. मुख्य तार १६/०.२ (०.२ मिमीच्या १६ धाग्यांची), रुळाला जाणारी ७/०.२. आखूड चाकतळाचं (पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेलं) इंजिन क्षणभर जरी वीजहीन तुकड्यावर आलं तरी थबकतं, आणि पुलाच्या मध्यावर थबकलेली गाडी हाताने ढकलणं वाईट दिसतं.

विटा

४ मिमी प्रमाणात वीट सुमारे ३ मिमी लांब, थर १ मिमीचा. उठावाची प्लास्टिक शीट वापरली. तिच्यात दोन अडचणी नेहमीच्या.

शीट १.६ मीटर मिळत नाही. सरळ उभा जोड दिला तर तो रंगानंतर भेगेसारखा दिसतो. गवंडी जुन्या भिंतीला नवी जोडताना दाते सोडतो, तसे थराथराला दाते कापून शीट एकमेकींत बसवायच्या, आणि जोड कमानीवर न आणता खांबावर आणायचा. कमान जिथून उगवते त्या पातळीवर संपूर्ण लांबीभर पेन्सिलची एक रेघ आधी मारून घेतली नाही, तर आठव्या कमानीपर्यंत थर दोन-तीन मिमी चढलेले असतात.

दुसरी अडचण गोंदाची. प्लास्टिकचा पातळ सॉल्व्हंट मोठ्या पृष्ठभागामागे कोंडला की महिन्या-दोन महिन्यांनी शीट मऊ पडून फुगते. लाकडावर चिकटवताना कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह, आणि प्लायला मागून दर ४०-५० मिमीवर ३ मिमीची भोकं. पांढरा फेविकॉल प्लास्टिकला धरतच नाही. वाळल्यासारखा वाटतो आणि सोलून निघतो.

रंगाला पाया हंब्रोल कंपनीच्या १२१ क्रमांकाच्या रंगाचा. मार्लंडची वीट पांढरी नाही, लाल तर नाहीच. मग एकास दहा पाण्याने पातळ केलेला करडा ॲक्रिलिक थरांत सोडून लगेच सुती फडक्याने आडवा पुसायचा. उभा पुसला तर सांध्यातला रंग निघून येतो.

उरलेल्या गोष्टी

पूल एकसंध झाल्याने पेटी १६४० × ९० × ३३० मिमीची लागते. मागचं एक सीट पाडल्याशिवाय ती गाडीत जात नाही. उचलताना दोन्ही हात चॅनेलखाली. कठड्याला धरलं तर कठडा हातात येतो.

स्टेशनच्या पलीकडे गाड्या लपवण्याच्या जागेतलं वळण ३०५ मिमी त्रिज्येचं ठेवलं होतं. मूळ डबा साडेएकोणचाळीस फूट, मॉडेलमध्ये १५८ मिमी. तीन डबे ओढून नेताना चालतात. ढकलत नेताना डब्याचं टोक बाहेर फेकलं जातं आणि शेजारच्या डब्याला आडवं लोटतं. तिथे ४५० मिमी हवं. ते अजून बदललेलं नाही, म्हणून गाडी तिथे फक्त ओढत नेली जाते.

पुण्या-मुंबईत अशी रचना करणाऱ्यांनी एमडीएफ टाळावा. पावसाळ्यात त्याच्या कापलेल्या कडा फुगतात. बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लाय घ्यावा आणि भोकं पाडून झाल्यावर सगळ्या कडांना सीलर द्यावा, खुंटीच्या भोकाच्या आतल्या बाजूलासुद्धा. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये, खांबांखालचा कागदाचा कपटा पुन्हा ओढून पाहावा.